सोलापूर ते बीदर, एसटी आणि रेल्वेने: थंडीच्या सुट्टीतले सहा दिवस

'विजापूरचा दरबार' हे शब्द आपण चौथीच्या पुस्तकापासून ऐकत आलो. शहाजीराजे त्या दरबारचे सरदार होते, अफजलखान तिथूनच निघाला होता. ते विजापूर सोलापूरपासून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तरी आपल्याकडची कितीतरी माणसं राजस्थान दोनदा पाहून येतात पण गोलघुमटाखाली एकदाही उभी राहिलेली नसतात. विजापूरच्या पुढे गुलबर्गा, मग बीदर. दख्खनच्या या तीन जुन्या राजधान्या एकमेकींपासून तीन-चार तासांवर आहेत. तिन्ही ठिकाणी रेल्वे जाते, आणि बस तर दिवसभर असतात.

हा प्रवास मी एकदा आईला घेऊन केला, एकदा मैत्रिणींबरोबर, दोन्ही वेळा एसटी, कर्नाटकची बस आणि रेल्वे यांच्यावरच. त्यातून माझा एक नियम पक्का झाला आणि खालची सगळी आखणी त्यावर उभी आहे: सकाळ वास्तूंसाठी ठेवायची, दुपार बससाठी. डिसेंबरात या भागात सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो आणि सहाला मावळतो. उजेड मोजकाच मिळतो. सकाळचे चार तास बसमध्ये घालवले, तर दिवसाचा सगळ्यात चांगला भाग खिडकीबाहेर निघून जातो.

आधी परतीचं तिकीट

आखणी शेवटाकडून करायची. बीदरहून मुंबईला जाणारी रात्रीची रेल्वे रोज नसते. आठवड्यातले ठरावीक दिवस ती बीदरहून सुटते, उरलेल्या दिवशी लातूरहून. त्यामुळे आधी तिचे चालू वेळापत्रकातले दिवस पाहा, परतीचा वार ठरवा आणि तिथून सहा दिवस मागे मोजा. उलटं केलंत, म्हणजे जायचं तिकीट आधी काढलंत, तर शेवटी बीदरमध्ये एक दिवस अडकाल किंवा रात्रभर बसने यावं लागेल.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. २५ डिसेंबरला निघायचं असेल तर २६ ऑक्टोबरला मोबाइल हातात घेऊन बसायचं. बऱ्याच वर्षी हा काळ दिवाळीच्या आसपास येतो, आणि फराळाच्या गडबडीत तारीख हमखास निसटते. कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

शोधताना नावं सांभाळा. २०१४ साली विजापूरचं विजयपुर झालं आणि गुलबर्ग्याचं कलबुर्गी. रेल्वेच्या ॲपवर नवी नावं आहेत, एसटीच्या पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी अजून जुनी. दोन्ही लक्षात असू द्या. मी इथे जुनीच लिहिते, कारण चौकशीच्या खिडकीवर तीच चालतात.

जाण्यासाठी पर्याय भरपूर आहेत. मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री निघते आणि सकाळी सोलापूरला पोचवते. पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा आहे, ती रात्री सोलापुरात सोडते. मुंबईहून गदगच्या दिशेने जाणारी रात्रीची गाडी पुणे-सोलापूर करत थेट विजापूरला जाते. ज्यांच्याकडे पाचच दिवस आहेत त्यांनी तीच घ्यावी आणि सोलापूरचा मुक्काम गाळावा. सांगली-मिरजेकडच्यांना जतमार्गे विजापूरची बस सोयीची. मराठवाड्यातल्यांनी सगळा प्रवास उलटा करावा: परळी, लातूर रोड, उदगीर या रेल्वेमार्गाने आधी बीदर, शेवटी सोलापूर. त्यांना इतिहासही जरा सरळ क्रमाने भेटेल, आधी बहामनी आणि मग आदिलशाही.

कोणता आठवडा निवडायचा

दिवसा २८-३० अंश, पहाटे १५ च्या खाली, आकाश स्वच्छ. डिसेंबर-जानेवारीत हवा अशी असते. मार्चनंतर याच दगडांवर पाय ठेववत नाही. पण थंडीतही सगळे आठवडे सारखे नसतात.

नाताळ ते १ जानेवारी हा गर्दीचा काळ. त्यात डिसेंबरभर शाळांच्या सहली चालू असतात आणि गोलघुमटावर एका वेळी चार-चार शाळा येतात. मार्गशीर्षात दत्तजयंती असते. तेव्हा गाणगापूर आणि हुमनाबादजवळचं माणिकनगर, दोन्ही याच वाटेवर असल्याने, रेल्वे आणि बस दोन्ही भरून वाहतात. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते आणि त्याच दिवसांत विजापुरातही सिद्धेश्वराची जत्रा भरते. यात्रा पाहायची असेल तर जरूर त्या वेळी जा, नंदीध्वजांची मिरवणूक पाहण्यासारखीच आहे, पण लॉज महिनाभर आधी पक्का करा. वास्तू शांतपणे पाहायच्या असतील तर डिसेंबरचा दुसरा आठवडा किंवा संक्रांतीनंतरचा, तोही सोमवार ते गुरुवार विजापुरात पडेल असा.

शुक्रवारकडे वेगळं लक्ष द्या. पुरातत्त्व खात्याची स्थळ-संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात, त्यात गोलघुमटाच्या आवारातलंही आलं. शिवाय दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदींत पाहुण्यांनी जायचं नसतं.

सामान

बसच्या मांडणीवर बसेल अशी एक पाठपिशवी, एवढंच. चाकांची मोठी बॅग कर्नाटकच्या भरलेल्या बसमध्ये दाराशीच अडते. बॅगेला कुलूप हवंच, कारण रेल्वेच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि या प्रवासात क्लोकरूम दोन-तीनदा लागते. सोबत टॉर्च, पायमोजे (मशिदीत आणि दर्ग्यात अनवाणी चालायचं असतं, सकाळी फरशी बर्फासारखी असते), डोक्याला रुमाल, सुटे पैसे आणि ओळखपत्राच्या दोन प्रती. पांघरूण घरून नेऊ नका. सोलापुरात पहिल्याच दिवशी एक चादर घ्या, सहा दिवस बसमध्ये, लॉजवर, फलाटावर तीच वापरा आणि घरी आल्यावर धुवा. आमच्याकडची अजून चालू आहे.

पहिला दिवस: सोलापूर आणि नळदुर्ग

सकाळी उतरल्यावर सामान ठेवून थेट एसटी स्टँड गाठा. उमरगा किंवा हैदराबादकडे जाणारी कोणतीही बस नळदुर्गला थांबते का, एवढं विचारून बसायचं. ४५ किलोमीटर, तासाभराचा रस्ता.

नळदुर्गचा किल्ला पाहायचा तो पाणीमहालासाठी. बोरी नदीवर धरणासारखी दगडी भिंत घातली आहे आणि त्या भिंतीच्या पोटात महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली तो बांधला गेला. पाणी चढलं की भिंतीवरून नर आणि मादी नावाच्या दोन सांडव्यांतून खाली कोसळतं आणि आतल्या खोल्या मात्र कोरड्या राहतात. थंडीत धार असेलच असं नाही, पण खिडकीत उभं राहिलं की डोक्यावरून पाणी कसं जात असेल हे समजतं. वर उपळी बुरूज आहे, पायऱ्या चढायला धीर हवा, माथ्यावरून सगळा किल्ला दिसतो.

तुळजापूरला जायचं असेल तर परतताना नळदुर्ग-तुळजापूर-सोलापूर असा त्रिकोण एका दिवसात होतो. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, दर्शनाच्या रांगेत दिवस जातो. नाहीतर दुपारपर्यंत सोलापुरात परत या आणि भुईकोट किल्ला पाहा. संध्याकाळी शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून घ्या. पुढच्या दोन दिवसांत कुठेही जेवण चुकलं तर तीच उपयोगी पडते, आणि टिकते. हुरड्याचे दिवस असतील तर शहराबाहेर कोणाच्या रानात सोय होते का हे लॉजवाल्याला विचारून पाहायला हरकत नाही.

लॉज घेताना एक प्रश्न आधी विचारायचा: गरम पाणी किती वाजल्यापासून? बहुतेक ठिकाणी सकाळी ६ ते ९ अशी वेळ असते, आणि आपल्याला तर ६ ला बाहेर पडायचं असतं. मग अंघोळ रात्रीच उरकून घ्यायची.

दुसरा दिवस: विजापूर, पश्चिमेकडून

सोलापूर-विजापूर बस दर थोड्या वेळाने असतात, काही एसटीच्या, काही कर्नाटकच्या. दोन-अडीच तास लागतात. प्रवास दुपारी करायचा हा नियम आजच्यापुरता मोडायचा आणि पहाटेचीच बस धरायची, म्हणजे दहाच्या आत खोली मिळते.

तिकिटाचं इथेच सांगते. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढे मोफत. पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे, सीमेपलीकडच्या टप्प्याचं पूर्ण भाडं पडतं. कर्नाटकात जून २०२३ पासून महिलांना साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये मोफत प्रवास आहे, तोही कर्नाटकचा रहिवासी पुरावा असेल तरच. आपल्याला पूर्ण तिकीट घ्यायचं असतं. आई आधार कार्ड पुढे करून बसली होती आणि कंडक्टरने पत्ता वाचून हसून तिकीट फाडलं. 'अम्मा, तुम्ही पाहुण्या,' असं तो म्हणाला, चक्क मराठीत.

विजापूर शहर पूर्व-पश्चिम पसरलं आहे. रेल्वे स्टेशन आणि गोलघुमट पूर्व टोकाला, इब्राहिम रोझा पश्चिम टोकाला, मध्ये जुना अर्क किल्ला आणि त्याच्याजवळ बसस्थानक. या एका ओळीवर शहर बस, रिक्षा आणि थोडे टांगेही चालतात. टांगा एकदा जरूर घ्यावा, भाडं आधी ठरवून.

पहिल्या दिवशी मधला आणि पश्चिमेचा भाग करायचा. सुरुवात जामा मशिदीपासून. आतल्या कमानींची ओळ पाहात शांत बसायची ही जागा आहे, आणि मिहराबावरचं (नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावरचं) सोनेरी-रंगीत काम १६३६ मधलं आहे. तिथून गगनमहाल, १५६१ चा, पहिल्या अली आदिलशहाचा. तिन्ही कमानींतली मधली एवढी रुंद आहे की समोरच्या मैदानात जमलेल्यांना दरबार दिसावा. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं आणि आदिलशाही संपली. पुढे बारा कमान. दुसऱ्या अली आदिलशहाला बापाच्या कबरीपेक्षा, म्हणजे गोलघुमटापेक्षा, मोठी कबर बांधायची होती, ती अर्धीच राहिली. काळ्या दगडाच्या उघड्या कमानी आणि वर आभाळ. माझ्या मते छायाचित्रासाठी विजापुरातली सगळ्यात चांगली जागा हीच.

जेवायला खानावळ शोधा. शब्द आपलाच आहे, कन्नडमध्येही खानावळीच म्हणतात. ज्वारीची पातळ भाकरी (तिथे 'जोळद रोट्टी'), भरल्या वांग्यांची एण्णेगाई, मोडाची उसळ, शेंगाचटणी, दही. सोलापूर-लातूरकडच्या माणसाला घरी जेवल्यासारखं वाटतं.

चारच्या सुमाराला मलिक-ए-मैदान तोफ पाहा. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, मग परांड्याच्या किल्ल्यात असलेली आणि तिथून सतराव्या शतकात विजापूरला आणलेली, सुमारे ५५ टनांची तोफ. तोंडाकडून पाहा: सिंहाचा जबडा, आणि त्याच्या दातांत हत्ती. जवळच उंच उपळी बुरूज आहे, पायऱ्या बाहेरून गोल फिरत जातात.

दिवसाचा शेवट इब्राहिम रोझात करायचा. दुसरा इब्राहिम १५८० ते १६२७ राज्यावर होता, संगीतावर जीव असलेला राजा. एकाच चौथऱ्यावर कबर आणि मशीद समोरासमोर, मध्ये हौद. कबरीच्या खिडक्यांची जाळी जवळून बघा: ती नुसती नक्षी नाही, दगडात कोरलेली अरबी अक्षरं आहेत, आणि अक्षरांमधल्या फटींतून उजेड आत येतो. मावळतीचं ऊन त्यातून येतं तेव्हा फरशीवर ओळी उमटल्यासारखं दिसतं. गुडघे दुखणाऱ्यांनी गोलघुमटाचा जिना सोडला तरी चालेल, इब्राहिम रोझा मात्र सोडू नये. इथे चढण फारशी नाही आणि कारागिरी गोलघुमटापेक्षा सरस आहे.

तिसरा दिवस: गोलघुमट, उजाडताच

सहाला उठा, चहा घ्या आणि उघडण्याच्या वेळी तिकीट खिडकीवर उभे राहा. तिकीट रोख २५ रुपये, ऑनलाइन काढलं तर २०, १५ वर्षांखालच्या मुलांना नाही. साडेनऊनंतर सहलीच्या बस लागतात. त्याआधीचे दोन तास हीच या सबंध प्रवासातली सगळ्यात मोलाची वेळ.

मोहम्मद आदिलशहा १६५६ मध्ये वारला आणि इथे पुरला गेला. घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर. खाली एकही खांब नाही. आत शिरल्यावर आधी वर बघू नका, कोपऱ्यांकडे बघा. भिंतींतून आठ कमानी उठतात, एकमेकींना छेदतात आणि चौकोनाला हळूहळू गोलाकडे नेतात. एवढ्या मोठ्या घुमटाचा भार त्या छेदणाऱ्या कमानींनी भिंतींवर उतरवला आहे. हे समजून घेतलं की मग वर बघायचं. मधल्या चौथऱ्यावर दिसतात त्या खुणेच्या कबरी, खऱ्या खाली तळघरात आहेत.

चारही कोपऱ्यांना सात मजली मनोरे आहेत आणि त्यांतूनच जिना जातो. पायऱ्या उंच, जागा अरुंद, मधून मधून खिडकी. प्रत्येक खिडकीशी थांबत चढलं तर पंधरा मिनिटांत माथा येतो. गच्चीवरून शहर धुक्यातून वर येताना दिसतं. तिथून लहानशा दारातून घुमटाच्या आतल्या सज्जात जायचं.

आता आवाजाचं. सोबतच्या माणसाला सज्जाच्या बरोबर समोरच्या बाजूला पाठवा. मध्ये ३७-३८ मीटरची पोकळी आहे, पलीकडचा माणूस बोटाएवढा दिसतो. दोघांनीही भिंतीकडे तोंड करून बसायचं. मग भिंतीला सांगावं तसं अगदी हळू बोलायचं. ओरडायचं नाही, ओरडलं की सगळे आवाज एकमेकांत मिसळून नुसता गडगडाट होतो. मी कागदाचा कपटा कानाशी धरून फाडला, आणि पलीकडे बसलेली आई दचकून मान वळवून मागे पाहायला लागली, कोणी पाठीशी आलं का म्हणून. मग तिने भिंतीला तोंड लावून माझं घरातलं नाव घेतलं. ते माझ्या कानाशी आलं, मग पुन्हा, पुन्हा, दरवेळी थोडं बारीक होत. सात-आठ वेळा मी मोजलं, पुढचं घुमटात विरलं. त्या वेळी सज्जात आम्ही दोघी आणि झाडणारा एक माणूस, एवढेच होतो. नऊनंतर तिथे हे होत नाही.

उतरल्यावर नगारखान्यातलं संग्रहालय पाहा, ते जरा उशिरा उघडतं. मग लॉज सोडा आणि दुपारच्या बसला लागा.

विजापूर ते गुलबर्गा

बस सिंदगी, जेवर्गी करत जाते. सुमारे १६० किलोमीटर, चार तास. बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, त्यामुळे पाटी वाचायचा प्रयत्न न करता कंट्रोलरच्या खिडकीशी जायचं. 'निल्दाण' म्हणजे स्टँड, 'येल्लि' म्हणजे कुठे, 'यावाग' म्हणजे कधी, 'एष्टु' म्हणजे किती, 'ऊटा' म्हणजे जेवण, 'बेड' म्हणजे नको. एवढ्यावर भागतं, आणि नाही भागलं तर दख्खनी हिंदी सगळीकडे चालते. शनिवार-रविवारी बायकांची गर्दी मोठी असते, फलाटावर बस लागण्याआधीच तिथे उभे राहा.

खिडकी उत्तरेची, म्हणजे डावीकडची घ्या, दुपारचं ऊन लागत नाही. दोन्ही बाजूंना तूर आणि ज्वारी. गुलबर्गा तुरीचा जिल्हा आहे आणि डिसेंबरात काढणी चालू असते, काही ठिकाणी रस्त्यावरच पेंढ्या पसरलेल्या दिसतात. जेवर्गी सोडल्यावर भीमा ओलांडायची. पंढरपूरला चंद्रभागा म्हणून जिच्यात आपण पाय बुडवतो तीच ही, इथे पात्र चांगलंच रुंद झालेलं.

एक सावधगिरी. पहिल्या खेपेला आम्ही रात्री साडेआठला पोचलो आणि ॲपवरून पैसे भरून ठेवलेल्या लॉजने खोली नाकारली. पुढचा तास अंधारात दुसरी खोली शोधण्यात गेला. तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते: पोचायचं ते उजेडात, आणि आदल्या दिवशी लॉजला फोन करून वेळ सांगायची.

चौथा दिवस: गुलबर्गा, अर्धाच दिवस

बहामनी राज्य १३४७ मध्ये सुरू झालं आणि राजधानी इथे होती. किल्ला मोडकळीला आलेला आहे, त्याबद्दल मोठी अपेक्षा ठेवू नका. त्याच्या आतली जामा मशीद मात्र पाहायलाच हवी. १३६७ ची. मशिदीला एरवी उघडं अंगण असतं, इथे सबंध जागेवर छत आहे, मोठ्या घुमटाभोवती लहान घुमटांची रांगच रांग. रुंद, बुटक्या कमानींमधून तिरका उजेड आत येतो. सकाळी आठला जा.

मग रिक्षाने सूफी संत ख्वाजा बंदे नवाजांचा दर्गा, १४२२ साली ते इथे वारले, आणि त्याच बाजूचा हफ्त गुंबज, बहामनी सुलतानांच्या कबरींचा समूह. डोकं झाका, चपला जपून ठेवा. दर्ग्यात सगळ्या धर्मांची माणसं येतात.

गाणगापूरला जायचं असलेल्यांनी इथे एक दिवस वाढवावा. सोलापूर-गुलबर्गा रेल्वेवर गाणगापूर रोड स्टेशन आहे, तिथून गावापर्यंत बस-रिक्षा मिळतात.

दुपारी बीदर. गुलबर्गा-बीदर रेल्वे २०१७ मध्ये सुरू झाली, तिची वेळ जुळली तर उत्तम, नाहीतर हुमनाबादमार्गे बस, तीन तासांच्या आसपास. वाटेत माणिकनगरला उतरून माणिकप्रभूंची समाधी पाहता येते. तिथे मराठीच ऐकू येते.

पाचवा दिवस: बीदर

बीदर उंचावर आहे, सातशे मीटरच्या आसपास, पहाटे स्वेटर लागतो. पंधराव्या शतकात अहमदशहा वली याने राजधानी इथे आणली. कोकणातल्या माणसाला इथे पाऊल ठेवल्यावर ओळखीचं काहीतरी वाटेल: जमीन तांबडी आहे आणि दगड जांभा. किल्ल्याचा खंदक त्याच जांभ्यात कोरून काढला आहे, एका बाजूला तर तिहेरी, मध्ये खडकाच्या भिंती ठेवून.

किल्ल्याला सबंध सकाळ द्या. शर्झा दरवाजा, गुंबद दरवाजा, सोळा खांबी मशीद. रंगीन महाल बहुतेक वेळा कुलूपबंद असतो. किल्ल्यातल्या पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात जाऊन नम्रपणे विचारा, माणूस मोकळा असेल तर उघडून दाखवतात. काळ्या दगडात शिंपल्याचं जडावकाम आहे, आतल्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर. टॉर्च तिरका धरला की ते एकदम उजळतं. बाहेर लाकडी खांबांवरचं कोरीवकाम.

दुपारी महमूद गवानचा मदरसा. इराणमधल्या गिलानहून आलेला हा वजीर. १४७२ मध्ये त्याने तीन मजली विद्यालय बांधलं, तिथे ग्रंथसंग्रह ठेवला, आणि १४८१ मध्ये खोट्या आरोपावरून सुलतानाने त्याला मारवलं. अर्धी इमारत पडली आहे. उरलेल्या मनोऱ्यावर निळ्या-हिरव्या फरश्यांचे तुकडे अजून चिकटून आहेत. त्यांच्यासमोर मी बराच वेळ उभी होते.

तिथून चौबाऱ्याच्या, म्हणजे शहराच्या मधल्या जुन्या गोल बुरुजाच्या, आसपासच्या गल्ल्यांत बिदरी कामाची दुकानं लागतात. दुकानातून नुसती वस्तू विकत घेऊन निघू नका, मागे काम चालू असेल तर पाहायची परवानगी मागा. जस्त आणि थोडं तांबं यांचं भांडं ओतलेलं असतं. कारागीर ते घासून गुळगुळीत करतो, मोरचुदाने तात्पुरतं काळं करतो म्हणजे रेघ दिसते, आणि बारीक छिन्नीने हातानेच वेलबुट्टी कोरतो. मग चांदीची तार त्या चरात बोटाने बसवत जातो आणि छोट्या हातोडीने ठोकतो. तार जाडीला शिवायच्या दोऱ्याएवढी. शेवटी किल्ल्यातल्या जुन्या, ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची माती आणि नवसागर पाण्यात उकळून त्यात भांडं बुडवतात. जस्त काळंभोर होतं, चांदी तशीच राहते. माती योग्य आहे का हे कारागीर चिमूटभर जिभेवर ठेवून ओळखतात. किंमत चांदीवर आणि कोरण्याच्या वेळेवर असते, म्हणून फार घासाघीस करू नका. मी घेतलेली कुंकवाची डबी तळहाताएवढीही नाही, पण तिच्यामागे एका माणसाचे दोन दिवस आहेत.

सहावा दिवस: अष्टूर, उदगीर आणि घर

उजाडताच रिक्षा करून अष्टूरला जा, शहराच्या पूर्वेला तीन-एक किलोमीटर. रिक्षावाल्याला थांबवून घ्या, परतीला तिथे वाहन मिळत नाही. शेतांच्या कडेला बहामनी सुलतानांच्या कबरींची ओळ उभी आहे. हुमायूनशहाचा घुमट वीज पडून अर्धा तुटला आहे, त्यामुळे घुमट आतून कसा बांधतात ते कापून ठेवल्यासारखं दिसतं. अहमदशहा वलीच्या कबरीत आतलं रंगकाम आहे. रखवालदार आरशाने ऊन आत टाकून छतावरची नक्षी दाखवतो. याच राजाला लिंगायत मंडळीही मानतात, त्याच्या उरुसात दोन्हीकडचे लोक असतात. वाटेतच चौखंडी नावाची कबर आहे, अष्टकोनी, तिच्या काळ्या दगडावरची अक्षरं जरूर पाहा.

बीदरहून रात्रीची गाडी असेल तर दुपार मोकळी आहे: गुरुद्वारा नानक झिरा, लंगरचं जेवण, बरीदशाही कबरींची बाग. गाडी लातूरहून असेल तर अकराच्या सुमाराला भालकीमार्गे उदगीरची बस धरा. सदाशिवरावभाऊंनी १७६० च्या फेब्रुवारीत निजामाला हरवलं ते हे उदगीर, पानिपताच्या आधीचं एक वर्ष. किल्ला स्टँडपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. दोन तास पुरतात.

उदगीरहून लातूरच्या एसटी भरपूर आहेत, दोन तासांच्या आत पोचवतात, आणि महाराष्ट्रात आल्यामुळे अर्ध्या तिकिटाची सवलत पुन्हा सुरू होते. लातूरचा एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन लांब आहेत, रिक्षाला वेळ धरा. रात्रीच्या गाडीआधी जेवण शहरातच करून घ्या, स्टेशनवर फारसं काही मिळत नाही. आणि चादर पिशवीच्या अगदी वर ठेवा, पहाटे कुर्डुवाडीच्या पुढे थंडी वाजते.